पंचनाम्यावरची सही

16 मे 2014 रोजी साऱ्या देशाचे डोळे लोकसभेच्या मतमोजणीकडे लागले होते. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अक्षरधाम मंदिरावरील 2002 सालच्या हल्ल्याच्या खटल्यातील सहाही आरोपींना निर्दोष सोडले. विजयाच्या ढोलताशांत ती बातमी बुडून गेली. या सहांपैकी तिघांना फाशीची शिक्षा झालेली होती, आणि उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. म्हणजे गुजरातमधील दोन न्यायालयांनी ज्या पुराव्यावर माणसांना फासावर पाठवण्याची तयारी दाखवली, तो पुरावा दिल्लीत पोहोचल्यावर उभाच राहू शकला नाही.

त्या पुराव्यात उर्दूत लिहिलेली दोन पत्रे होती. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांच्या विजारीच्या खिशात ती सापडली, असे पोलिसांचे म्हणणे. मृतदेह गोळ्यांनी चाळण झालेले, अंगावरचे कपडे रक्तामातीने माखलेले, आणि खिशातला कागद मात्र स्वच्छ! ना रक्ताचा डाग, ना मातीचा, ना कुठे भोक, ना फाटल्याची खूण. सर्वोच्च न्यायालयाने या एका गोष्टीकडे बोट दाखवले आणि त्या पत्रांवर विश्वास ठेवण्याचे नाकारले. हा प्रश्न पडायला कायद्याची पदवी लागत नाही. धुण्याला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात चुकून राहिलेल्या चिठ्ठीचे काय होते, हे ज्या गृहिणीला माहीत आहे तिलाही तो पडला असता. तरीही तो प्रश्न निर्णायक ठरायला बारा वर्षे लागली, आणि त्यांतील बहुतेक काळ आरोपींनी तुरुंगात काढला.

पोलिसांनी झडतीत 'सापडले' म्हणून दाखवलेल्या वस्तूला न्यायालयात आव्हान कसे द्यायचे, हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असे समजणे ही आपली जुनी चूक आहे. संपाच्या काळात कामगार कार्यालयावर पडणारी धाड असो, आदिवासी पाड्यावर पहाटे घातलेला वेढा असो, की विद्यार्थ्याच्या खोलीतून उचललेला संगणक असो. खटल्याचे भवितव्य बहुधा त्या पहिल्या दोन तासांत ठरून जाते. वकील नंतर येतो, आणि त्याच्या हाती तोवर फक्त कागद उरलेला असतो.

प्रथम कायद्याची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे, कारण याबाबत कार्यकर्त्यांतही एक भाबडा समज आढळतो. झडती बेकायदा ठरली की तीत सापडलेली वस्तू आपोआप पुराव्यातून बाद होते, असे पुष्कळांना वाटते. भारतात तसे नाही. पूरण मल खटल्यात 1974 च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केले की, पुरावा संबद्ध असेल तर तो कोणत्या मार्गाने मिळवला यावरून तो त्याज्य ठरत नाही. अमेरिकेत 1961 पासून सर्व राज्यांच्या न्यायालयांत बेकायदा झडतीतला पुरावा वगळण्याचे तत्त्व लागू झाले, पुढे त्याला अपवादही जोडले गेले. आपल्याकडे मात्र पोलीस कायदा मोडून घरात शिरला तरी त्याच्या हातातली वस्तू न्यायालयाच्या दारात अडत नाही. गंमत म्हणजे पूरण मल हा प्राप्तिकराच्या धाडीचा खटला होता. धनवंतांच्या तिजोऱ्यांवरील छाप्यातून निघालेले तत्त्व सर्वांत जास्त राबले ते मात्र गरिबांच्या झोपडीत.

याला अपवाद एकच ठळक: अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम 50. माणसाची अंगझडती घेण्यापूर्वी त्याला राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे हे सांगितले नाही, तर सापडलेला माल त्याच्या ताब्यात होता याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे घटनापीठाने बलदेव सिंग खटल्यात 1999 साली ठरवले. परंतु 2005 साली न्यायालयाने असेही ठरवले की हातातली पिशवी म्हणजे 'अंग' नव्हे. तेव्हापासून माल खिशात सापडण्यापेक्षा पिशवीत सापडणे तपास यंत्रणेला अधिक मानवते, हे कोणीही ताडू शकेल.

तेव्हा लढाई 'हा पुरावा वगळा' या मागणीवर क्वचितच जिंकली जाते. ती जिंकली जाते 'हा पुरावा विश्वसनीय नाही' या मुद्द्यावर. झडतीत अनियमितता असेल तर न्यायालयाने जप्तीचा पुरावा अधिक कसोशीने तपासावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 सालीच राधाकिशन खटल्यात म्हटले आहे. तीच फट. त्या फटीतून आत शिरायचे तर पंचनाम्याशी झुंज घ्यावी लागते.

पंचनामा म्हणा, उत्तर भारतातली 'फर्द' म्हणा की दक्षिणेतला 'महजर' म्हणा, कागद एकच. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 100 सांगत होते, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 103 ही तेच सांगते, की झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी साक्षीदार म्हणून हवेत. तेथे कोणी उपलब्ध नसेल वा तयार नसेल तरच दुसऱ्या वस्तीतले. जप्त वस्तूंची यादी करून तीवर त्यांच्या सह्या घ्यायच्या, घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत त्याला द्यायची. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. राज्यसंस्थेच्या हातावर समाजाची नजर असावी, हा तिचा हेतू.

प्रत्यक्षात हा 'समाज' कोण असतो? पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला. परवान्याविना पदपथावर बसणारा फळविक्रेता. रिक्षा अडवून ठेवलेला चालक. ज्याची रोजची भाकरी हवालदाराच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्यालाच कायदा 'स्वतंत्र' साक्षीदार म्हणतो! एकच माणूस वर्षानुवर्षे निरनिराळ्या खटल्यांत पंच म्हणून उभा राहतो. फौजदारी न्यायालयांत अशा ठरावीक पंचांची ओळख साऱ्यांना असते. पंचनामा आधीच ठाण्यात लिहून तयार असतो, सही घेतली जाते, वाचून दाखवला जातोच असे नाही. आणि चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने खरे सांगितले की सरकारी वकील त्याला 'फितूर' जाहीर करतो. त्याच्यावर संतापण्यात अर्थ नाही. तोही आरोपीच्याच वर्गातला, आरोपीइतकाच घाबरलेला माणूस आहे. उलटतपासणी करणाऱ्या वकिलाने हे विसरू नये. पंचाला खोटारडा ठरवण्यापेक्षा तू कुठे राहतोस, घटनास्थळापासून ते किती दूर, तुला कोणी बोलावले, लेखी बोलावले का, यापूर्वी किती वेळा पंच झालास, कागद कोठे बसून लिहिला, असे सौम्य प्रश्न पुष्कळदा जास्त सांगून जातात.

मात्र येथेही भ्रमात राहू नये. पंच फितूर झाला म्हणजे खटला पडला असे नव्हे. केवळ पोलिसांच्या साक्षीवरही, ती विश्वासार्ह वाटल्यास, शिक्षा होऊ शकते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून वस्तूचा पुढचा प्रवासही पाहावा लागतो. मुद्देमाल जागेवरच सीलबंद झाला का, लाखेवरचा शिक्का कोणाकडे राहिला, ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत तो कधी आला, रासायनिक पृथक्करणासाठी तो किती दिवसांनी गेला आणि तोवर कोणाच्या ताब्यात होता. या साखळीतील एक कडी तुटली तरी संशयाचा फायदा आरोपीचा आहे.

'आरोपीने स्वतःहून काढून दिले' हा आपल्याकडील दुसरा आवडता प्रकार. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरते निवेदन चालते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम 27, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 चे परंतुक. कबुलीजबाबावरील बंदी ज्या दाराने घातली, त्याच्याच शेजारी ही खिडकी उघडी ठेवली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, आरोपी निवेदन करण्यापूर्वीच पंच ठाण्यात बोलावलेले असले पाहिजेत आणि आरोपीचे नेमके शब्द त्यांच्यासमोर नोंदले गेले पाहिजेत. आधी कबुली ऐकून मग वाटेत पंच गोळा करणे चालणार नाही. तो आरोपी सुटला.

आपल्या चळवळीला झडत्या नव्या नाहीत. 20 मार्च 1929 रोजी मीरत कटाच्या नावाखाली देशभर एकाच वेळी धाडी पडल्या. कॉ. डांगे, कॉ. घाटे, कॉ. मिरजकर, कॉ. अधिकारी यांच्यासह कामगार पुढारी पकडले गेले, आणि पुस्तके, पत्रे, हिशेबाच्या वह्या असा ढिगारा न्यायालयात आला. खटला मीरतमध्येच चालवला, कारण तेथे ज्यूरी नव्हती. पण त्या खटल्यात मुख्य वाद कागदांच्या अर्थाचा होता. कम्युनिस्ट आरोपींनी आपले विचार नाकारले नाहीत. पिंजऱ्यातूनच ते मांडले. आजच्या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. कागद आपलाच असेल तर त्याचे समर्थन करता येते. जो कागद आपण कधी लिहिला नाही आणि पाहिलाही नाही, त्याचे काय करायचे?

भीमा-कोरेगाव व एल्गार परिषदेच्या खटल्याने हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आणून ठेवला. 28 ऑगस्ट 2018 च्या अटकसत्रात पुण्याहून दूरच्या शहरांत गेलेल्या पोलीस पथकाने पंचही पुण्याहूनच नेले होते. ते पुणे महानगरपालिकेचे कर्मचारी होते. न्या. चंद्रचूड यांनी 28 सप्टेंबर 2018 च्या आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात या गोष्टीची गंभीर नोंद घेतली. बहुमताने हस्तक्षेपास नकार दिला. पुढे रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. संगणकावर सुमारे 22 महिने बाहेरच्या कोणाचा तरी ताबा होता, आक्षेपार्ह पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, आणि ती कधी उघडली गेल्याचा मागमूस नाही, असा तिचा निष्कर्ष होता. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबतही तसाच अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष नाकारले. पण फादर स्टॅन यांना त्याचा निवाडा पाहता येणार नव्हता. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, जामिनाची वाट पाहताच त्यांचा मृत्यू झालेला होता.

संगणक जप्त करताना त्यातील मजकुराचा 'हॅश' क्रमांक जागेवरच काढून यादीत लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे. तो जणू त्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा; आतले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. अर्थात जप्तीपूर्वीच बाहेरून काही घुसवले असेल तर या ठशाचाही उपयोग नाही. म्हणून यंत्राची स्वतंत्र प्रत आरोपीला लवकर मिळणे ही केवळ तांत्रिक मागणी राहत नाही.

परंतु खरी मेख वेळेत आहे. यूएपीएच्या कलम 43डी(5) खाली जामिनाच्या टप्प्यावर न्यायालय प्रथमदर्शनी आरोपपत्र पाहते, आणि एप्रिल 2019 च्या वटाली निकालाने तेथे पुराव्याच्या ग्राह्यतेत शिरण्यास मज्जाव केला. म्हणजे झडतीचा पुरावा कितीही पोकळ असो, त्याची पोकळी दाखवण्याची संधी खटला उभा राहीपर्यंत नाही, आणि तोवर माणूस आत! 28 जुलै 2023 रोजी व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने इतर आरोपींकडे सापडल्याचे सांगितलेल्या पत्रांचे पुराव्यातील मूल्य दुर्बल आहे असे म्हटले, आणि नुसते साहित्य बाळगणे हा गुन्हा नव्हे हेही सांगितले. तो निर्णय स्वागतार्हच. पण तोवर दोघांची सुमारे पाच वर्षे गेलेली होती.

नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे केले, यादी व सह्यांसह. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. केवळ सरकारने आणले म्हणून ही तरतूद झिडकारणे शहाणपणाचे नाही. ती आरोपीच्या हातचे हत्यार होऊ शकते. तिच्यातले व्यंग असे, की चित्रण झाले नाही तर पुराव्याचे काय, यावर कायदा गप्प आहे. दार उघडल्यापासून चित्रण सुरू होते की वस्तू 'सापडल्या'पासून? भ्रमणध्वनी पोलिसाचाच. विधि आयोगाने आपल्या 94 व्या अहवालात, 1983 सालीच, बेकायदा मार्गाने मिळवलेला पुरावा नाकारण्याचा अधिकार न्यायालयांना स्पष्ट शब्दांत द्यावा अशी शिफारस केली होती. चाळीस वर्षे कोणत्याही रंगाच्या सरकारने ती उचलली नाही, आणि 2023 साली पुरावा कायदा नव्याने लिहितानाही ती जागा रिकामीच ठेवली गेली. लोकशाही हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षांनी संसदेत ही एकच दुरुस्ती सातत्याने मागितली तरी मोठे काम होईल.

तोपर्यंत आपल्या शाखांनी करायचे ते करावे. दार वाजले की वॉरंट किंवा झडतीची लेखी कारणे मागावीत. पथकाने व पंचांनी आत येण्याआधी स्वतःची झडती द्यावी असे म्हणावे. ही जुनी पद्धत आहे. शेजाऱ्यांना बोलवावे आणि पंच वस्तीतलेच घ्या असा आग्रह धरावा. न वाचता सही करू नये. करावी लागलीच तर हरकत सहीजवळच लिहावी, वेळेसह. यादीची प्रत घेतल्याशिवाय पथकाला निरोप देऊ नये. आणि सकाळी पहिले काम म्हणजे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज: कलम 185 खाली झडतीच्या नोंदी 48 तासांत त्यांच्याकडे पोहोचल्या पाहिजेत, आणि त्यांची प्रत घरमालकाला मागितल्यास विनामूल्य मिळाली पाहिजे. त्या अर्जावर पोहोच घ्यावी, आणि ती पोहोच कार्यालयाच्या कपाटात न ठेवता वकिलाकडे द्यावी. कारण पुढची धाड त्या कपाटावरच असू शकते.