मातींतला खेळ
आमच्या वर्ध्याहून अमरावती कांहीं दूर नाहीं. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिन येथें हुतूतूचें प्रात्यक्षिक दाखविलें होतें. तोच खेळ आतां धंदेवाईक झाला आहे. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस झाला, व पुणेरी पलटणनें हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात करून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यांतला. पण महंमदरझा शादलुई हा इराणी, आणि त्याची बोली २ कोटि ३५ लाखांची! माणसाचा लिलाव हा शब्द कानाला खटकतो, हें कबूल. तथापि ‘मातींत लोळूं नकोस’ म्हणून ज्या आयांनीं मुलांना हुतूतूंतून ओढून घरीं नेलें, त्यांत माझीहि आई होती.