एरंडाची बी

गेली वीस वर्षे मी वर्गात ‘गोचिडासारखे चिकटणे’ हा वाक्प्रचार शिकवीत आलो आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गाईच्या सडाशी बसून दूध सोडून रक्त पिणारा गोचीड येतो. त्याच्यावर मी पाऊण तास बोलू शकतो. परंतु वाचकहो, खरा गोचीड मी गेल्या वर्षापर्यंत नीट पाहिलेलाच नव्हता. ही गोष्ट वर्गात कधी कबूल केली नाही, येथे करतो.

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. जात विचाराल तर गल्लीतली. बंडूने त्याला एका पावसात शर्टाच्या आत लपवून आणला आणि ‘दोनच दिवस’ या अटीवर तो कायमचा राहिला. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला मी उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो. बंडू म्हणाला, “बाबा, मोत्याच्या कानात एरंडाची बी अडकलीय.”

मी मान वर न करता म्हणालो, “‘अडकलीय’ नव्हे, ‘अडकली आहे’.”

व्याकरण सुधारले. बी तिथेच राहिली.

पंधरा दिवसांनी मोत्याने खाणे सोडले. “अहो, हा पोळीला तोंड लावीत नाही,” सौ. म्हणाली. “पितृपंधरवड्याच्या खिरी बाधल्या असतील,” असा विनोद मी केला. घटस्थापनेच्या सकाळी त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. दारातल्या रांगोळीवर ते थेंब पाहिले आणि माझे विनोद संपले.

डॉक्टरांनी त्याचा कान उलटा केला. “ही पाहा तुमची एरंडाची बी!” रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचिडीची मादी अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये तर दोहोंना नावही एकच, ‘रिसिनस’. म्हणजे बंडूची उपमा रोमन लोकांच्या तोडीची होती, आणि ती बापाने कानाआड केली होती!

रक्त तपासले. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. मोत्याच्या तीस हजार होत्या. रोगाचे नाव एर्लिकिया. हे जंतू पांढऱ्या पेशींत घर करतात. 1935 साली अल्जीरियात ते प्रथम ओळखले गेले आणि पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचे कितीतरी कुत्रे याच रोगाने गेले. गोचीड चावल्यावर आठवड्या-तीन आठवड्यांत ताप येतो. कधी तो आपोआप ओसरतो, घरची माणसे निर्धास्त होतात. जंतू मात्र महिनोन् महिने दबा धरून बसतात आणि पुढे अस्थिमज्जाच निकामी करतात. तांबड्या पेशी फोडणारा बबेसिया हा गोचिडाचाच दुसरा प्रताप. त्याची एक जात 1910 साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात सापडली होती.

डासाचा अपराध रॉसने 1897 साली सिकंदराबादेत सिद्ध केला, हे आपण शाळेत शिकतो. पण गुरांच्या तापाबद्दल गोचीड त्याआधीच, 1893 साली, अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांच्या हाती पकडला गेला होता, हे मला डॉक्टरांच्या बाकावर बसून कळले.

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस द्यायच्या होत्या. दुधातून नव्हे, पोळीच्या घासात. पहिले तीन दिवस बंडू त्याच्याजवळ जमिनीवर निजला. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

दिवाळीची साफसफाई आम्ही लवकरच काढली. हा गोचीड पोट भरले की कुत्र्यावरून उतरतो आणि भिंतीच्या फटीत शिरतो; मादी तिथे हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. आम्ही फटी बुजवल्या, गोणपाट जाळले. आता रोज रात्री कानांत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली हात फिरवतो. गोचीड दिसला तर रॉकेल ओतीत नाही, बोटांनी चिरडीत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतो. प्रतिबंधाचे औषध डॉक्टरांना विचारूनच लावतो. घरात मांजर असेल तर हे विचारणे अधिकच जरुरीचे, कारण कुत्र्याच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

अठ्ठाविसावी गोळी धनत्रयोदशीला आली. प्लेटलेट दोन लाख दहा हजार! आमच्याकडे त्या दिवशी धन आले ते असे. संध्याकाळी मी बंडूला म्हणालो, “त्या दिवशी माझे चुकले.”

तो मोत्याच्या कानामागे खाजवीत म्हणाला, “बाबा, आता भूक लागलीय त्याला.”

मी मुकाट्याने उठलो आणि पोळी आणली.