पोरगा डीजे व्हायचं म्हणतोय

बारावी झालेला किंवा बीकॉम करून मोबाइलच्या दुकानात बसलेला एखादा तरुण घरी सांगतो, मला डीजे व्हायचंय. पुढे काय होतं हे आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अब्बा बोलणं बंद करतात, अम्मी डोळ्यांना ओढणी लावते आणि मामू एका शब्दात विषय मिटवतात, हराम. याच मामूंच्या मुलीच्या हळदीला रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजत होता, हे त्या वेळी कुणी काढत नाही. वाजवणारा बाहेरचा असला तर ती हौस आणि आपल्या घरातला असला तर बदनामी, असा हा न्याय आहे.

माझं म्हणणं असं की, ‘डीजे व्हायचंय’ हे वाक्य आपण इतर कुठल्याही धंद्यासारखं ऐकलं पाहिजे. काय शिकणार, किती कमावणार, कर्ज किती, कायदा काय म्हणतो, शेजाऱ्याला त्रास किती, हे विचारलं पाहिजे. यातलं काहीच न विचारता नकार दिला की पोरगा ऐकत नाही. तो चोरून शिकतो, कुणाच्या तरी टेम्पोवर जातो आणि पाच वर्षांनी कर्ज आणि बधिर कान घेऊन परत येतो.

आधी मजहबचा मुद्दा, कारण तो टाळून आपल्याकडे पुढे जाता येत नाही. संगीताबद्दल उलेमांमधला मतभेद शेकडो वर्षांचा आहे. चारही मजहबांतल्या बहुतेक फकीहांनी वाद्यांना मनाई केली किंवा नापसंती दाखवली, हे खरं. पण इब्न हज्म यांनी या मनाईसाठी दिल्या जाणाऱ्या हदीस कमजोर ठरवल्या, हेही खरं. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, त्यातून मनात काय उमटतं, यावर निवाडा सोपवला. फतवा देणं माझं काम नाही. ज्याला मनाई पटते त्याने हा धंदा करू नये, त्याचा मला आदर आहे. पण मग त्याने आपल्या घरच्या लग्नात डीजेची सुपारीही देऊ नये. आणखी एक गोष्ट. वाद्य हलाल की हराम यावर तासभर वाद घालणारे लोक बॉक्स आणि अॅम्प्लिफायरच्या हप्त्यांतल्या व्याजाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

सुरांशी आपलं नातं काही काल-परवाचं नाही. मिरजेतली शिकलगार मंडळी मुळात हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यं बनवू लागली आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. सनई, ताशा, बँड या धंद्यांत आपल्या कित्येक घरांच्या पिढ्या गेल्या. तेव्हा ‘हे आपलं काम नव्हे’ हा दावा इतिहासाला धरून नाही.

खरी अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात ‘डीजे’ या एका शब्दात दोन धंदे लपलेत. पहिला, ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेस आणि टॉपची भिंत रचून जनरेटरवर चालवायची, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात डॉल्बी म्हणतात. दुसरा, दोन गाणी कानाने जोडून, समोरच्या लोकांचा अंदाज घेत चार तास मैफल सांभाळायची. पहिल्यात मालक आणि ऑपरेटर असतो, दुसऱ्यात कारागीर. तरुणाला व्हायचं असतं दुसरं आणि आजूबाजूला दिसतं पहिलं, म्हणून तो पहिल्यात शिरतो.

दुसऱ्याची कहाणी आपल्या पोरांना सांगण्यासारखी आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून नावाजलेला. गाण्यातल्या ज्या तुकड्यात गायक थांबतो आणि फक्त ढोलताल उरतो, तिथेच लोक सर्वांत जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत नेऊ लागला. हिपहॉपचा जन्म अनेक जण त्याच पार्टीपासून मोजतात. तो भाग गरिबांचा होता आणि हर्ककडे मुख्य भांडवल होतं ते लोकांकडे बारकाईने पाहण्याचं.

आजही या कामाचा गाभा तोच आहे. सॉफ्टवेअर दोन गाण्यांचा वेग जुळवून देतं, पण साठ-सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं लावा, सॉफ्टवेअर गडबडतं. कारण ते हाडामांसाच्या वादकांनी वाजवलंय. त्याची लय कडव्यागणिक किंचित मागे-पुढे होते, मशीनच्या मोजपट्टीत बसत नाही. तिथे हेडफोनमधला एक कान आणि हॉलमधला दुसरा कान कामाला येतो. वलीम्यात आजोबा कधी उठून जातात, कॉलेजची पोरं कधी कंटाळतात, जेवण सुरू झाल्यावर आवाज किती खाली घ्यायचा, हे कळायला दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबावं लागतं.

पहिल्या धंद्याचा हिशेब मात्र पोरं करत नाहीत. भिंत उभी करायची तर बॉक्स, अॅम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर, गाडी, उचल-ठेव करणारी चार-सहा माणसं, असा लाखोंचा पसारा लागतो. तो बहुधा कर्जावर उभा राहतो. हप्ता बारा महिने येतो, काम येत नाही. चातुर्मासात लग्नतिथी जवळजवळ नसतात, पितृपक्षात सगळं थंड, आपल्याकडे रमजान आणि मोहरममध्ये सहसा निकाह होत नाहीत. मिरवणुकांचे मोजके दिवस हाती राहतात आणि नेमके तेच दिवस कायद्याच्या नजरेखाली असतात.

हा कायदा साधा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, तीही ठरावीक सण-उत्सवांसाठी. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2019 मध्ये डीजेवर सरसकट बंदी घातली होती. ती 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आपल्याकडे मात्र 2018 मध्ये साउंडवाल्यांची संघटना विसर्जनात डीजे लावू द्या म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा अंतरिम दिलासा मिळाला नाही. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ निघतो की धंदा गुन्हा नाही, पण मर्यादेबाहेरच्या आवाजाला कोर्ट पाठीशी घालत नाही. सिस्टीम जप्त झाली की हप्ता भरणारा पोरगा पोलीस ठाण्याच्या चकरा मारतो. मंडळाचे पदाधिकारी फोन उचलत नाहीत.

कानांचं गणित याहून कडक आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन करणं ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. भिंतीसमोर काटा शंभरच्या पुढेच असतो आणि ऑपरेटर तिथे सहा-आठ तास उभा राहतो. आतल्या कानातल्या ज्या पेशी यात मरतात त्या पुन्हा येत नाहीत. ज्या कानाच्या जोरावर पोट भरायचं, तोच आधी जातो.

आता गिऱ्हाइकाबद्दल बोलू, म्हणजे आपल्याबद्दल. मिलादच्या जुलूसमध्ये आणि उरुसाच्या संदलमध्ये या भिंती कुणी आणल्या? पोरांनी वर्गणी काढली, मोठ्यांनी कानाडोळा केला. 2024 मध्ये मिलादच्या जुलूसमधल्या डीजेविरुद्धच्या याचिकेवर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, गणेशोत्सवात जो आवाज घातक आहे तो ईदेलाही घातकच आहे. यात आपल्यावर अन्याय झाला असं मला वाटत नाही. शेजाऱ्याचा हक्क हा आपल्या शिकवणुकीतला मोठा हक्क. गल्लीत कुणी हृदयविकाराचा रुग्ण झोपलेला असताना काचा थरथरवणारा बेस लावणं हा त्या हक्काचा भंग आहे, मग त्यावर नात वाजो नाहीतर लावणी. गाणं जायज की नाजायज यावर मतभेद राहतील, यावर होऊ नये.

म्हणून पोरगा डीजे व्हायचं म्हणाला तर त्याला बसवून घ्या. भिंत आणि ट्रक विकत घ्यायला एक रुपयाही देऊ नका. एक साधा कंट्रोलर, बरा हेडफोन आणि कानात घालायचे चांगले प्लग, एवढ्यावर सुरुवात होते. जुना लॅपटॉपही चालतो. त्याला जाणत्या माणसाच्या हाताखाली पाठवा. सोबत ध्वनिमुद्रण किंवा लाइव्ह साउंडचं काम शिकायला सांगा, कारण रात्रीची कामं चाळिशीनंतर झेपत नाहीत, पण चांगल्या साउंड इंजिनिअरला नाटक, डबिंग, कॉन्फरन्स असं वर्षभर काम असतं. लग्नसमारंभात गाणी वाजवायला कॉपीराइट परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने 2023 मध्ये स्पष्ट केलंय. क्लब-हॉटेलात मात्र लागतो, आणि दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स परवानगीविना विकता येत नाही. हे त्याला आधीच माहीत हवं. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही, हेही.

नमाज, दारू, रात्रीची संगत याबद्दल आई-बापाला काळजी वाटते, ती रास्त आहे. ती काळजी त्याच्याशी बोलून दाखवा. दारू असलेली कामं घ्यायची नाहीत असं ठरवता येतं. कमाई थोडी घटेल, पण लग्नं, शाळा-कॉलेजचे कार्यक्रम, कंपन्यांचे समारंभ उरतात. अशा अटी तो तुमच्याशी बसून ठरवेल, पण त्यासाठी त्याने ‘डीजे’ म्हटल्यावर तुम्ही खोलीतून उठून जायला नको.