शिफारशींचं पुढं काय झालं?

श्रीलंकेतल्या बेपत्ता माणसांच्या आयांबद्दल मी आमच्या मंडळात बोलले, तेव्हा चर्चेत तीन-चार जणींनी एकच वाक्य म्हटलं, ‘झालं गेलं, आता किती वर्षं उगाळायचं?’ म्हणणाऱ्या बायका वाईट नव्हेत. घरात कुणी गेलं तर रात्रभर सोबतीला बसणाऱ्या आहेत. पण हे वाक्य मला मुळीच मान्य नाही, आणि का नाही ते इथं सरळ लिहिते.

उगाळणं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणं. या आया तसं काही करत नाहीत. त्या पाठपुरावा करताहेत. सरकारनं नेमलेल्या आयोगानं सरकारलाच काही गोष्टी करायला सांगितल्या, त्या झाल्या का, एवढंच विचारताहेत. बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलेल्या बाईला कुणी ‘किती उगाळतेस’ म्हणतं का?

तिथलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं. शेवटच्या महिन्यांत मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर चिंचोळ्या पट्टीत लाखो माणसं अडकली होती. सैन्याचे तोफगोळे दवाखान्यांवरही पडले. तमिळ वाघांनी याच माणसांची ढाल केली, निसटणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, घराघरातून पोरं ओढून लढायला नेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ साली म्हटलं की, मेलेले नागरिक ४० हजारांपर्यंत असू शकतात. दोन्ही बाजूंचे हात रक्तानं भरलेले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ‘आणि वाघांचं काय?’ म्हणून विषय वळवायला नको.

आता मुद्द्याचं. युद्ध संपताना कितीतरी बायकांनी आपले नवरे, मुलगे स्वतः सैन्याच्या हवाली केले. ‘नाव नोंदवा, चौकशी करून सोडू’ असं सांगितलं होतं. डोळ्यांदेखत माणसं बसमध्ये चढली. नंतर ती कुणाला दिसली नाहीत. यांना आपण ‘बेपत्ता’ म्हणतो, तो शब्दच खोटा आहे. जत्रेत हात सुटलेलं पोर बेपत्ता होतं. ज्याला आईनं सरकारच्या ताब्यात दिलं, त्याचा पत्ता सरकारला माहीत असलाच पाहिजे.

२०१० साली राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांनी ‘धडे आणि समेट’ नावाचा आयोग नेमला. अध्यक्ष माजी महाधिवक्ता. म्हणजे आयोग सरकारच्या घरचाच, आणि सैन्याबद्दल त्यानं हात राखूनच लिहिलं, असं माझं मत आहे. तरीही हजारावर माणसांनी समोर येऊन सांगितलं, पाच हजारांवर लेखी निवेदनं आली, आणि आयोगाला काही गोष्टी म्हणाव्याच लागल्या. अटकेतल्यांच्या नावांची यादी करा, ती घरच्यांना बघायला मिळू द्या. हवाली केलेल्या माणसांचं काय झालं याचा तपास करा. लोकांच्या जमिनी परत द्या. राष्ट्रगीत दोन्ही भाषांत म्हणू द्या. वाघांनी १९९० मध्ये उत्तरेतून ७० हजारांच्या वर मुसलमानांना हाकलून काढलं होतं, त्यांचीही सोय लावा. यादीचं तर आयोगानं सप्टेंबर २०१० मध्येच, अंतरिम शिफारशींत सांगितलं होतं. वर्षभरानं अंतिम अहवालात त्यालाच खेदानं लिहावं लागलं की, अंतरिम शिफारशी पुरत्या अमलात आल्या नाहीत.

२०१२ मध्ये सरकारनं कृती आराखडा केला. कागद सुरेख. कुठली शिफारस, कुठलं खातं, किती मुदत, सगळे रकाने आखलेले. फक्त मुदत टळली तर कुणाला जाब विचारायचा, हे कुठं नाही. त्यामुळं सोपं तेवढं झालं, तेही टिकलं नाही. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत तमिळमध्ये म्हटलं गेलं, २०२० ला पुन्हा बंद. यादीचं विचाराल तर जून २०१७ मध्ये त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी आयांना भेटून शब्द दिला, हवाली झालेल्यांची यादी काढतो म्हणून. ती आजवर त्या बायांच्या हातात पडलेली नाही.

दर वेळी मागचं अर्धवट टाकून नवा आयोग निघतो. २०१३ साली आणखी एक आला, त्याच्याकडं वीस हजारांवर तक्रारी गेल्या. त्यांत हजारो तक्रारी हरवलेल्या सैनिकांच्या घरच्यांच्या होत्या! म्हणजे सिंहली आईही त्याच रांगेत उभी. प्रत्येक ठिकाणी तोच फोटो, तोच अर्ज, तीच हकिकत पहिल्यापासून. सांगून सांगून तोंडाला कोरड पडली की समोरून विचारणा होते, मृत्यूचा दाखला घेता का? दाखला घेतला की फाइल मिटते. म्हणून त्या घेत नाहीत. २०१७ च्या फेब्रुवारीत किलिनोच्चीला देवळाबाहेर रस्त्याकडेला त्यांनी ठाण मांडलं. त्यांतल्या कित्येकजणी उत्तराविना वारल्या.

आणि एक गोष्ट तर कादंबरीत लिहिली तर खोटी वाटेल. १९९० साली दक्षिणेत सिंहली तरुण असेच गायब होत होते. तेव्हा एक तरुण खासदार त्यांचे फोटो आणि कागद घेऊन जिनिव्हाला निघाला. पोलिसांनी विमानतळावर ते कागद जप्त केले. तो खासदार म्हणजे हेच महिंद राजपक्षे. सत्तेवर आल्यावर त्यांनाच जिनिव्हा म्हणजे परक्यांची ढवळाढवळ वाटू लागली. त्यांचे भाऊ गोटाबाया युद्धकाळात संरक्षण सचिव होते. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी सांगून टाकलं की, बेपत्ता माणसं खरं तर मेलेली आहेत. कुठं मेली, कुणी मारली? ते नाही सांगितलं.

‘क्षमा करावी’ असंही मंडळात एकजण म्हणाली. आपल्यात हा शब्द मोठा आहे, म्हणून तो स्वस्त करू नका. क्षमा मागणाऱ्यानं आधी आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. आलोचना म्हणतात ती हीच. इथं कुणी काही कबूल केलेलं नाही, कुणी मागितलेली नाही, आणि आपण बेळगावात बसून त्या आयांच्या वतीनं क्षमा वाटून टाकायची? हा अधिकार आपल्याला कुणी दिला?

‘आपला काय संबंध?’ असं म्हणणाऱ्यांना सांगते. १९८७ ते १९९० आपलं सैन्य तिथं होतं, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. अकराशेंवर भारतीय सैनिक तिथं कामी आले, आणि जाफन्यातले लोक आपल्या सैन्याबद्दलही गाऱ्हाणी सांगतात. शिवाय मत आपलं आहे. जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत आयोगाच्या शिफारशी अमलात आणा असा ठराव २०१२ ला आला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. २०१३ ला दिलं. २०१४, २०२१ आणि २०२२ ला तटस्थ. शेजाऱ्याशी संबंध जपायचे असतात, चीनकडं लक्ष ठेवायचं असतं, हे मलाही कळतं. पण तटस्थ कुणाकुणात? फौजफाटा असलेल्या सरकारात आणि फोटो धरून बसलेल्या म्हातारीत? बेळगावच्या माणसाला तर हे समजावून सांगावं लागू नये. १९६७ च्या महाजन अहवालापासून आयोग म्हणजे काय ते आपण घरात ऐकतच वाढलो. निवडणुकीत दारात उमेदवार येतात तेव्हा गटारीबद्दल विचारतो तसं याबद्दलही विचारावं. हसतील, हसू देत.

आता म्हणे सगळं जुनं झालं. जाफन्याजवळ चेम्मणीला पुरलेल्या शेकडो प्रेतांबद्दल एका सैनिकानं १९९८ मध्येच भर कोर्टात सांगितलं होतं. १९९९ ला खणलं, पंधरा सांगाडे निघाले, काम थांबलं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या स्मशानात बांधकाम करताना पुन्हा हाडं लागली. या खेपेला दोनशेंहून जास्त सांगाडे निघाले, लहान मुलांचेही. ऑगस्टमध्ये कोर्टाच्या हुकमानं तिथं सापडलेल्या वस्तू ओळख पटवायला मांडून ठेवल्या. कपडे, खेळणी, एक निळं शाळेचं दप्तर. बायका रांगेनं येऊन एकेक वस्तू बघत होत्या.