नव्या लॅपटॉपचा पहिला आठवडा

अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक मोठी खरेदी ठरते. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. बरे यंत्र घ्यायचे तर रक्कम सहज चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जाते आणि पुष्कळदा त्यासाठी हप्ते बांधावे लागतात. यंत्र घरी येते ते ऐन पावसाळ्यात. आल्या दिवसापासून त्याला जपणे सुरू होते. पडद्यावरची पातळ फिल्म काढायची नाही, कीबोर्डवर रबरी आवरण घालायचे, वरून कापडी पिशवी आणि ती पुन्हा सॅकमध्ये. ही काळजी मनापासूनची असते, पण बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी खर्च होते. ओरखड्याने लॅपटॉप निकामी होत नाही. त्याचे आयुष्य घटते ते उष्णतेने आणि चार्जिंगच्या जुन्या समजुतींनी. आणि खरे मोठे नुकसान होते ते आतली माहिती कुठे साठते आणि तिची चावी कुणाकडे आहे, हे मालकालाच ठाऊक नसल्यामुळे.

आवरणांचेच पाहू. आजच्या पातळ यंत्रांत झाकण मिटल्यावर पडदा आणि कीबोर्ड यांच्यात अगदी थोडी फट उरते. ॲपलने २०२० मध्ये आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून मॅकबुक मिटू नका, पडदा तडकू शकतो. कीबोर्डवर विसरलेल्या पेनाने किंवा इअरफोनने हेच होते, आणि जाड रबरी आवरणाचे वळही पडद्यावर उमटतात. शिवाय काही यंत्रे कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. त्यावर रबर पसरले की आपण यंत्राचे नाक दाबलेले असते.

ही हवा कशासाठी लागते, हे कळले की निम्मी काळजी आपोआप नीट घेतली जाते. प्रोसेसर काम करताना तापतो. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ‘नवा लॅपटॉप महिन्याभरात स्लो झाला’ ही तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी तो कुठे ठेवून वापरला जातो, ते पाहावे. बहुतेक यंत्रांच्या तळाशी जाळी असते. यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवले की ती जाळी कापसात बुडते आणि पंखा कितीही जोराने फिरला तरी त्याला ओढायला हवा मिळत नाही. टेबल, पाट, एखादी लाकडी फळी, काहीही चालेल. खालचा पृष्ठभाग कडक हवा. अनेक कंपन्या वापरासाठी खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात हे पाळणे कुणाच्याच हातात नसते. तेव्हा जड काम, म्हणजे व्हिडिओ संपादन किंवा मोठे गेम, सकाळी लवकर उरकावे, आणि दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवून कधीच जाऊ नये. कोकणात आणि गोव्यात प्रश्न दमटपणाचा. तिथे यंत्र आठवडेच्या आठवडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवण्यापेक्षा रोज थोडे वापरलेले चांगले, कारण चालू यंत्राची ऊब ओल बसू देत नाही. एसीत गार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत आणला तर त्यावर बाष्प धरते. तो लगेच सुरू करू नये, थोडा वेळ बंद राहू द्यावा.

बॅटरीबद्दल आपल्याकडे जितके सल्ले मिळतात, त्यांतले बहुतेक एका जुन्या बॅटरीचे आहेत. ‘पहिल्यांदा आठ तास लावून ठेव’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस’ हे निकेल-कॅडमियमच्या घटांना लागू होते. ते अर्धवट उतरल्यावर वारंवार भरले तर त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी होई. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हळूहळू सगळे चित्र बदलले. या बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचा स्वभाव जुन्या बॅटरीच्या जवळजवळ उलटा आहे. पूर्ण रिकामी होणे तिला मानवत नाही आणि पूर्ण भरून तसेच राहणेही मानवत नाही. भरलेल्या घटाचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्या ताणाखाली ती दिवसेंदिवस राहिली आणि वर यंत्र गरम असले, की आतली रासायनिक झीज वेगाने होते. म्हणून २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान तिला ठेवावे, असे म्हणतात.

याचा अर्थ सतत पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसावे, असा नाही. ज्यांचा लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला लावलेलाच असतो, त्यांच्यासाठी बऱ्याच कंपन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवण्याची सोय दिलेली असते. प्रत्येकीने तिला वेगळे नाव दिले आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ती सापडते. ती चालू करायला दोन मिनिटे लागतात. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र बेशक शंभर टक्के भरावी. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर यंत्र बंद राहणार असेल तर निम्म्यावर आणून ठेवावे.

याच ओघात पहिल्या दिवशी करण्याचे एक काम आहे, जे जवळपास कुणी करत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून दिले की यंत्र स्वतःच बॅटरीचा अहवाल तयार करते. बॅटरी कारखान्यातून किती क्षमतेची म्हणून निघाली आणि आज प्रत्यक्षात किती भरते, हे दोन्ही आकडे त्यात असतात. नव्या यंत्रात ते एकमेकांच्या जवळ असायला हवेत. हा अहवाल तारखेसह जपून ठेवावा. बॅटरीची हमी पुष्कळदा एकच वर्षाची असते. अकराव्या महिन्यात पुन्हा अहवाल काढून शेजारी ठेवला की वाद घालावा लागत नाही, आकडेच बोलतात.

विजेचेही थोडे. लॅपटॉपचा ॲडॉप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दाब थोडा कमी-जास्त झाला तरी तो सांभाळून घेतो. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा तारांतून येणारा क्षणिक झटका मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. अशा वेळी प्लग काढून बॅटरीवर काम करावे, एवढा साधा उपाय आहे. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखे होते, हा अनुभव अनेकांना असतो. ॲडॉप्टरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह यंत्राच्या अंगावर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन त्यासाठीच असते. दोन पिनांचा जोड लावून ती बाद केली, किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसले, की तो प्रवाह हाताला जाणवतो. एवढ्याशा प्रवाहाने इजा होत नाही, पण घरात अर्थिंग नसल्याची ती खूण असू शकते. वायरमनला बोलावून तपासून घ्यावे, कारण गीझर आणि वॉशिंग मशीनही त्याच वायरिंगवर चालतात.

आता माहितीकडे वळू. आमच्या मते हाच सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत महागात पडणारा भाग आहे.

विंडोज ११ असलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की आतली साठवण आपोआप कुलूपबंद होते. हे चांगलेच आहे. यंत्र चोरीला गेले तरी चोराला त्यातले फोटो, कागदपत्रे, बँकेचे तपशील वाचता येत नाहीत. या कुलपाची एक राखीव चावी असते, ४८ अंकांची. यंत्राचा मदरबोर्ड बदलला, कधी एखादे खोलवरचे अपडेट झाले, की यंत्र ती चावी मागते. ती नसेल तर माहिती उघडण्याचा दुसरा मार्ग नाही. यंत्र बनवणारी कंपनीही ती उघडू शकत नाही. ही चावी आपोआप जमा होते ती ज्या खात्याने यंत्र सुरू झाले त्या खात्यात. आणि नवा लॅपटॉप सुरू कोण करते? कित्येकदा दुकानातला मुलगा, कधी ओळखीतला कुणी, घाईत, हाताशी असलेल्या ईमेलवर किंवा मोबाइल क्रमांकावर खाते उघडून देतो. तो क्रमांक वर्षभराने बंद होतो, पासवर्ड कुणाच्याच लक्षात नसतो. लॅपटॉप घरात, हप्ते आपले, आणि आतल्या प्रत्येक फाइलची चावी मात्र दुसऱ्याच्या किंवा हरवलेल्या खात्यात. म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या खात्यातून ती चावी शोधावी, कागदावर उतरवावी आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. कागद लॅपटॉपच्या पिशवीत नको.

दुसरी गोष्ट प्रतींची. जुन्या हार्ड डिस्कमधून चुकून पुसलेली फाइल जाणकाराला अनेकदा परत मिळवता येत असे. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे ती धक्के सोसते आणि वेगवानही असते. पण पुसलेली जागा ती स्वतःच लवकर साफ करून टाकते, आणि मग परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. ‘माझे सगळे वनड्राइव्हवर आहे’ असे अनेकांना वाटते. तिथे मोफत जागा ५ जीबीच असते. ती भरली की पुढच्या फाइली वर जात नाहीत, आणि त्याची सूचना कोपऱ्यात येऊन निघून जाते. शिवाय जोडलेल्या फोल्डरमधून इथे फाइल पुसली की तिथूनही ती जाते; काही दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, मग संपली. प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात बसलेला विद्यार्थी असो की ग्राहकांची वर्षभराची बिले लॅपटॉपवर ठेवणारा छोटा व्यावसायिक, एक बाहेरची डिस्क आणि तिच्यावर ठरावीक वारी घेतलेली प्रत, हा त्यांच्यासाठी नव्या लॅपटॉपच्या किमतीचाच भाग समजायला हवा.

यंत्राची ओळख करून घेताना त्यालाही आपली भाषा शिकवावी. ॲलन के यांनी १९७२ मध्ये वहीच्या आकाराच्या संगणकाची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मुले होती, आणि मुलांनी ते यंत्र आपल्या मनासारखे घडवावे अशी त्यांची अपेक्षा होती. आपल्या मुलांना मात्र नव्या लॅपटॉपवर मराठीचा एक अर्जही टंकता येत नाही, कारण कीबोर्ड आत असूनही कुणी सुरू केलेला नसतो. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, आणि विंडोजमध्ये २०१९ पासून उच्चारानुसार टंकण्याची सोयही आहे. इनस्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस जातात, पण त्याची मांडणी देवनागरी वर्णमालेच्या अंगाने जाते: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ लिहायला लागणारा ऱ शिफ्टसह जे या कळीवर आहे, ळ शिफ्टसह एन वर. हे युनिकोडमधले लेखन असल्यामुळे ते कुठल्याही फोनवर, कुठल्याही कार्यालयात तसेच्या तसे उघडते. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक खुणांच्या ओळी होऊन समोर येतो, आणि त्यात अडकलेले मराठी लेखन आजही थोडे नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. पडदा मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसावा, काचेसाठीचा फवारा त्यावर मारू नये. चहा सांडला तर प्लग काढून यंत्र लगेच बंद करावे, उलटे धरून निथळू द्यावे आणि ‘चालतोय का’ म्हणून बटण दाबू नये. तांदळात पुरून ठेवण्याचा उपयोग नाही, दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तेव्हा चार्जिंग त्या क्षणी बंद करावे. अशी बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेते. वापरलेला, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणाऱ्यांनी तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे आधी विचारावे, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

हे सगळे प्रत्येकाने स्वतः शोधून काढावे, ही अपेक्षा रास्त नाही. घरातला पहिला लॅपटॉप वापरणाऱ्या विद्यार्थ्याला विचारायला घरात कुणी नसते. महाविद्यालयांनी पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात संगणक कक्षात एक तास यासाठी ठेवावा, मराठीतून, आणि मुलांना आपापले यंत्र घेऊन बसवावे. बॅटरीचा अहवाल, राखीव चावी, पहिली प्रत आणि मराठी कीबोर्ड एवढे त्या तासात होते. विक्रेत्यांनी बिलासोबत चार ओळी लिहून द्याव्यात: ॲडॉप्टर किती वॅटचा, बॅटरी पहिल्या दिवशी किती भरली, हमीत काय बसत नाही, आणि खाते कोणत्या ईमेलवर व क्रमांकावर उघडले. यांतली चौथी ओळ तरी ग्राहकाने काउंटरवरच मागून घ्यावी, आणि तो ईमेल किंवा क्रमांक आपला नसेल तर तिथेच उभे राहून बदलून घ्यावा.