गडावरची देवी आणि पुण्याचा गेम

देवीचा गेम काढला की त्यात कुणीतरी हरणार, आणि हरणारी देवीच असली तर तो तिचा अपमान. वणीत हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच ते ऐकू येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं 2025 मध्ये ‘राजी: कलियुग’ जाहीर केला. 2020 मध्ये आलेल्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’चा हा पुढचा भाग. तेव्हापासून मी ज्याला त्याला त्याची जाहिरात दाखवत सुटलोय आणि बदल्यात एकेक आक्षेप पदरात पाडून घेतोय. त्यांचा हिशेब एकदाचा चुकता करावा म्हणतो.

ज्यानं पहिला भाग खेळलाय त्याला ठाऊक आहे, की तिथे आपण दुर्गा नसतोच. आपण असतो राजी, कसरतीची कामं करणारी एक पोर. राखीच्या जत्रेतून तिच्या भावाला, गोलूला, असुर उचलून नेतात आणि ती त्याच्या मागावर निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि विष्णूबरोबर वरून बघत राहते, मधून मधून दोघांचा संवाद कानावर पडतो. मरायचीच झाली तर राजी मरते, तीही खेळणाऱ्याच्या हाताला वळण नाही म्हणून. यात अपमान कुठे झाला? आणि अपमानाचंच बोलायचं तर आपल्या सप्तशृंगगडावर पहिल्या पायरीशी महिषासुराचं शिर आहे. त्याला आपण कुंकू लावतो, हात जोडतो आणि मगच वर चढतो. ज्या भक्तीला मारलेल्या राक्षसाचाही मान ठेवता येतो, ती एका गेमनं बाटेल असं मला वाटत नाही.

उलट माझं म्हणणं असं, की अ‍ॅक्शन आरपीजी या प्रकाराला लागणारा कच्चा माल देवीच्या सप्तशतीत जितका आहे तितका फार थोड्या ग्रंथांत सापडेल. आरपीजी म्हणजे पात्र घडवत नेण्याचा खेळ: हत्यारं मिळवायची, अंगी शक्ती आणायची आणि मग मोठ्या शत्रूसमोर उभं राहायचं. दुसरा अध्याय काढून बघा. शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्य आणि बाणांचे भाते, विश्वकर्मा परशू, हिमालय सिंह. तिसऱ्या अध्यायात महिषासुर एका रूपात मरतच नाही. रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा तलवार घेतलेला पुरुष, त्याचा हत्ती, हत्तीचा पुन्हा रेडा. अखेरीस तो रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला असताना देवी त्याचं मुंडकं उडवते. आजचे गेमवाले ज्याला बॉसचे टप्पे म्हणतात ते हेच, प्रत्येक रूपाला डाव वेगळा. आठव्या अध्यायातला रक्तबीज तर त्याहून अवघड. घाव घातला की सांडलेल्या थेंबागणिक नवा असुर, म्हणजे जो जास्त मारेल तोच आधी बुडेल. कुठल्याही गेमकर्त्याला पैसे मोजून अशी कल्पना विकत मिळायची नाही. आपण ती नवरात्रात घरोघर वाचतो आणि पोथी मिटून ठेवतो.

‘राजी’तली हाणामारी बघताना मला आणखी एक गोष्ट दिसली. ही पोर भिंतीवर धावत जाते आणि खांबाला धरून गिरकी घेत चारी बाजूंच्या राक्षसांना लोळवते. तिचं ते खांबावरचं अंग बघितलं की मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. आता मल्लखांबाची आख्यायिका घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे पहिलवान आले. त्यांना उत्तर देण्यासाठी बाळंभटदादा देवधर अनुष्ठानाला बसले ते आमच्या सप्तशृंगगडावर, आणि तिथेच त्यांना खांबावरच्या कसरतीचा दृष्टान्त झाला, असं मल्लखांबवाले सांगतात. स्टुडिओवाल्यांच्या मनात ही गोष्ट होती का, याच्याशी मला कर्तव्य नाही. मुद्दा एवढाच, की ही गिरकी आमच्या गावाला परकी नाही.

‘पण यंत्र तर परदेशीच ना?’ हा पुढचा टोमणा. होय, गेम अनरियल या अमेरिकी इंजिनावर बांधला आणि त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. मग? आमच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि तिथून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. त्या इंग्रजी पेटीतून 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंके नावाच्या एकाच नटानं केले, आणि लोकांनी पडद्यालाच हात जोडले. कॅमेरा परदेशी म्हणून हरिश्चंद्र परका ठरला नाही. विमा गहाण टाकण्याची परंपराही पुढे चालू आहे. 2017 मध्ये ‘राजी’साठी किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी पुरी झाली नाही, तेव्हा स्टुडिओच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. पुढे 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी जी नामांकनं झाली त्यांत ‘राजी’ होता.

व्यसनाच्या आक्षेपाला मी उडवून लावणार नाही. बसस्थानकावर मान खाली घालून बसलेली पोरं मीही बघतो, आणि द्राक्षाचा हप्ता रमीत घालवलेल्या घराची गोष्ट ऐकली की माझाही जीव तुटतो. पण तो पैशाचा जुगार आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. सरकारला जो फरक कळतो तो पालकांना कळू नये? ‘राजी’ एकदा विकत घ्यायचा, पाच-सहा तासांत संपवायचा, बाजूला ठेवायचा. यात व्यसन लागायला वेळच मिळत नाही, आणि हीच त्याच्याबद्दलची एक तक्रार होती.

‘मोठ्या कंपन्या सोडून या मूठभर लोकांची वाट कशाला बघायची?’ असंही विचारतात. वाट बघण्यासारखं काही होतंय ते बऱ्याचदा मूठभरांकडूनच. अ‍ॅडलेडच्या टीम चेरीची तीन माणसं. त्यांनी 2019 मध्ये ‘सिल्कसाँग’ जाहीर केला, तो 4 सप्टेंबर 2025 ला आला, आणि त्या दिवशी खरेदीच्या झुंबडीनं ऑनलाइन दुकानं बंद पडली. आणि गेममधून एखादा मुलूख जगाला कसा कळतो तेही बघा. चीनच्या गेम सायन्सनं ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’मध्ये शान्शी प्रांतातली जुनी देवळं हुबेहूब उतरवली. ऑगस्ट 2024 मध्ये गेम आल्यावर तरुण पोरं ती देवळं शोधत तिथे पोचली. आपल्या डोंगराला त्रिशूळानं पडलेलं म्हणून दाखवतात ते आरपार भोक, समोरचा मार्कंडेय, चैत्रात रातोरात सुळक्यावर चढून लावलं जाणारं निशाण: हे गडाबाहेर किती जणांना माहीत आहे?

इथवर विरोधकांशी बोललो. आता आपल्याच बाजूच्यांशी, कारण मला खरी धास्ती त्यांची वाटते. ‘आपल्या मातीतला गेम, डोळे झाकून घ्या’ असं म्हणणाऱ्यांनी ‘राजी’चं भलं केलं नाही. तो देखणा होता, पहाडी चित्रांच्या रंगांचा, मागच्या कथा छायाबाहुल्यांतून सांगणारा. पण त्याची हाणामारी जागोजागी अडखळते, आणि शेवट असा येतो की पान फाटलंय असं वाटावं. हे बोलून दाखवलं की लगेच देशद्रोहाचा शिक्का. अशा कौतुकानं स्टुडिओ आळशी होतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी फसत नाही. शिवाय ‘राजी’ त्या अर्थानं आरपीजी नव्हताच. आयुधांना वीज, आग, बर्फ यांची शक्ती देता येत होती, पण राजी स्वतः कशी घडावी हे ठरवायला खेळणाऱ्याच्या हाती फारसं काही नव्हतं.

म्हणून मी ‘कलियुग’साठी आगाऊ पैसे भरणार नाही, आणि कुणाला भरायला सांगणारही नाही. डेमो आला तर तो खेळेन, आणि त्यात चित्रं बघण्याआधी एक गोष्ट तपासेन. बटण दाबल्यावर त्रिशूळ ज्या क्षणी सुटायला हवा त्याच क्षणी सुटतो का, की पूर्वीसारखा अर्धा श्वास थांबतो? मग अक्षरांकडे बघेन. 2022 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी हिंदी आवाज घातले होते. पुण्यात बसून गेम करणाऱ्यांनी या खेपेला निदान संवादांच्या ओळी मराठीत द्याव्यात, ही मागणी मी करणार, आणि ती त्यांनी मान्य केली तरी अडखळणाऱ्या त्रिशूळाला माफी देणार नाही.