डबा लपवणाऱ्याच्या बाजूने

धारवाडमधून एक रेषा जाते. तिला पाटी नाही, खांब नाही, चौकही नाही. जुना बाजार तिच्या पूर्वेला पडतो आणि कर्नाटक विद्यापीठाचा परिसर पश्चिमेला. पूर्व रेखांश ७५ अंश. रोज सकाळी कितीतरी मुले सायकलवरून ही रेषा ओलांडून शाळेत जातात आणि पहिल्याच तासाला वहीत लिहून घेतात, की रेखावृत्ते या काल्पनिक रेषा आहेत.

या रेषेवर उभा असलेला माणूस सूर्याच्या हिशेबाने ग्रिनिचच्या बरोबर पाच तास पुढे असतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. फरक साडेसात अंशांचा, अंशाला चार मिनिटे, म्हणजे नेमका अर्धा तास. बाकी काही उरत नाही. असे नेटके उदाहरण दारात आयते असताना आपण फळ्यावर टोकियो आणि न्यूयॉर्कची वेळ काढत बसतो. हुबळी या रेषेच्या पूर्वेला साधारण बारा शतांश अंशावर आहे. म्हणून हुबळीत सूर्य डोक्यावर येतो तो धारवाडच्या सुमारे अर्धा मिनिट आधी. जुळ्या शहरांत थोरले कोण, हा वाद मुलांना फार आवडतो. निदान दुपारपुरता तो सुटला.

मे महिन्याच्या अंकात आम्ही जिओकॅशिंगबद्दल लिहायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच: शाळेत हे नवे खूळ कशाला? उत्तर वरच्या रेषेत आहे. ती मुलांना शोधायला लावा.

थोडा इतिहास, थोडक्यात. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत जीपीएसचे नागरी संकेत अमेरिकी सरकार मुद्दाम बिघडवून सोडत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. ती भेसळ २ मे २००० रोजी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या एका रानात काळी बादली अर्धवट पुरली, आत काही वस्तू आणि एक नोंदवही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तिथून जिओकॅशिंगचा हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडच्या ‘डबा ऐसपैस’चा हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की इथे लपतो तो डबाच, आणि राज्य अख्ख्या वर्गावर असते.

गेल्या काही वर्षांत पालकसभांतून, शिबिरांतून ‘ट्रेझर हंट’चे पेव फुटले आहे. शिक्षक रविवारी येऊन दहा ठिकाणी चिठ्ठ्या लपवतात, सोमवारी मुले तासाभरात त्या गोळा करतात, फोटो निघतात. मजा येते. पण या सगळ्यात सर्वांत जास्त कोण शिकले? रविवारी उन्हात जागा हेरत फिरलेला शिक्षक. कोणती जागा दिसेल, कोणती दिसणार नाही, पाऊस आला तर काय, खूण कितपत सोपी ठेवायची, हा सगळा विचार त्याने केला. मुलांनी फक्त धावाधाव केली. आमचे म्हणणे एवढेच, की रविवारचे काम मुलांना द्या. शोधणे हा खेळाचा अर्धा भाग झाला. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा तो दुसरा.

लपवणाऱ्या गटाला जागेचे वाचन स्वतः घ्यावे लागते, आणि वाचन घेतले की जीपीएस खोटे बोलते हे कळते. उघड्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर जागा सांगतो. झाडाखाली किंवा उंच भिंतीच्या कडेला ही चूक वाढते, कारण उपग्रहाचा संकेत भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो. मैदानाच्या एका कोपऱ्यात फोन ठेवा. दहा मिनिटे, दर मिनिटाला एक, अशी वाचने वहीत घ्या आणि आलेख कागदावर मांडा. फोन हललेला नसतो, पण ठिपके हलतात. त्यांचा एक पुंजका तयार होतो. सरासरी म्हणजे काय, हे सातवीच्या मुलाला मी यापेक्षा सोप्या रीतीने सांगू शकलेलो नाही. दशांश चिन्हानंतरच्या अंकांचेही तसेच. अंशाचा चौथा दशांश म्हणजे जमिनीवर अकरा मीटर, पाचवा म्हणजे जेमतेम एक. फोन सहा-सात अंक दाखवतो म्हणून ते सगळे खरे धरायचे नसतात, हे एकदा पायाखालच्या जमिनीवर पटले, की पुढे प्रयोगशाळेतल्या वाचनांतही मुले सावध होतात.

आणखी एक गंमत आवर्जून करून पाहा. फोन विमान-मोडवर टाका आणि विचारा, आता जीपीएस चालेल का? बहुतेक हात ‘नाही’ला वर जातील. चालते. फोन उपग्रहाला काही सांगतच नाही, फक्त ऐकतो. सुमारे वीस हजार किलोमीटर वरून येणारा वेळेचा संकेत सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढ्या वेळात पोहोचतो, आणि किमान चार उपग्रहांच्या वेळा जुळवून फोन स्वतःची जागा काढतो. घड्याळात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर जागा तीनशे मीटर सरकते. आपली भारतीय ‘नाविक’ प्रणालीही याच तत्त्वावर चालते.

आमच्या स्वतःच्या प्रयोगाचीही हकीकत सांगतो, कारण ती यशाची नाही. धारवाडच्या एका शाळेत आठवीच्या चार गटांनी चार डबे लपवले. एका गटाने अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला. तो डबा त्यांच्या हिशेबाने उत्तर ध्रुवाकडे कुठेतरी गेला, आणि त्या दिवसापासून त्या वर्गात आधी अक्षांश, मग रेखांश हा क्रम कोणी चुकला नाही. दुसरा डबा कडुनिंबाच्या मुळाशी होता. तो सफाईला येणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच सकाळी उचलून कचऱ्यात टाकला. मुलांना मावशींचा राग आला. मला माझा आला. कारण शाळेच्या आवारात काही ठेवायचे तर आवार ज्यांच्या हातात आहे त्यांना आधी विचारायचे, हे मीच विसरलो होतो. पुढच्या वेळी मावशींनाच जागा विचारली. त्यांनी दाखवलेली जागा शोधायला तिन्ही गटांना चाळीस मिनिटे लागली.

आवाराबाहेर पडताना ही परवानगी अधिकच कडक पाळावी लागते. परदेशी पुस्तकांत वाचून रेल्वे स्थानक, बसस्थानक, सरकारी कचेरी, बाजार अशा ठिकाणी डबा ठेवू नका. आपल्याकडे बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात, आणि बरोबरच करतात. डबा पारदर्शक असू द्या, त्यावर शाळेचे नाव आणि ‘शैक्षणिक उपक्रम’ असे कन्नड, मराठी दोन्हींत ठळक लिहा, आत खाऊ ठेवू नका. मुंग्या, माकडे आणि कुत्री अक्षांश-रेखांशाशिवायच शोधतात. दगडाच्या फटीत, बिळात, बांधाच्या कपारीत हात घालावा लागेल अशी जागा मुळीच निवडू नका. साप आणि विंचू यांची राहायची जागा तीच. उणकल किंवा केलगेरी तलावाच्या काठावर जायचे तर पाण्यापासून लांब, आणि मोठी माणसे सोबत हवीत.

जिथे डबा ठेवता येत नाही तिथे डब्याशिवायही खेळ होतो, आणि माझ्या मते तोच अधिक चांगला होतो. उणकलच्या चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिरात काही लपवायला जाणे हा वास्तूचा अपमान ठरेल. पण मुलांना तिथे होकायंत्र देऊन विचारता येते, की दारे किती, कोणत्या दिशांना, आणि सकाळचे ऊन कोणत्या दाराने आत येते? हुबळी स्थानकाचा १५०७ मीटरचा फलाट मार्च २०२३ पासून जगातला सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो. स्थानकाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश टिपा आणि वर्गात पायथागोरस लावून अंतर काढा. एक धोका आहे. अंशाचे मीटर करताना अक्षांश आणि रेखांश यांना एकच भाव लावला, तर उत्तर चुकते. विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांशाचा अंश आखडतो. आपल्या पंधरा-साडेपंधरा अंशांवर तो अक्षांशाच्या अंशापेक्षा तीन-चार टक्क्यांनी लहान भरतो. चुकलेल्या उत्तरातूनच कोज्या या गुणोत्तराचा उपयोग दहावीच्या मुलांना पहिल्यांदा खरा वाटतो.

जिओकॅशिंगमध्ये २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. त्यात डबा नसतो, जमीन वाचायची असते. आपल्या दोन शहरांमध्ये रस्त्याने वीस किलोमीटर. धारवाडची तांबडी माती मागे पडते आणि हुबळीकडे काळी रेगड लागते. डोंगराळ मलनाड संपून मैदानी बयलुसीमे सुरू होतो, असे आपण एका वाक्यात शिकवतो. तो बदल नेमका कुठे होतो? बसच्या खिडकीतून नव्हे, पाच ठिकाणी उतरून, मूठभर माती घेऊन, ओली करून, वळकटी वळून पाहा. काळी माती वळते, तांबडी तुटते. पाच ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि मातीचे पाच नमुने वर्गाच्या भिंतीवर लावा.

भाषेच्या शिक्षकांनी इथवर वाचून पान उलटू नये. कोड्याचा डबा हा त्यांचाच प्रांत. कवी द. रा. बेंद्रे धारवाडच्या साधनकेरीत राहिले. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ हे घर आज स्मारक आहे, गायिका गंगूबाई हनगल हुबळीच्या. जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत होते. १८९६, १९१०, १९१३ आणि १९२३ ही या चौघांची अनुक्रमे जन्मवर्षे. या वर्षांतले अंक बेरीज-वजाबाकी करून पुढच्या ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशात बसवायचे, आणि अंक कुठून मिळेल ते सांगणारी खूण मुलांनीच चार ओळींत लिहायची. चांगली खूण लिहिणे किती अवघड! फार उघड केली तर मजा गेली, फार गुंडाळली तर कोणालाच कळली नाही. वर्णनात्मक निबंधात ‘निसर्गरम्य’ लिहून सुटणाऱ्या मुलाला इथे सुटता येत नाही. त्याचे वाक्य वाचून दुसऱ्या गटाला खरोखर चालत जायचे असते. कन्नड आणि मराठी मुले मिसळलेल्या वर्गात खूण एका भाषेत आणि नोंदवही दुसऱ्या भाषेत ठेवून पाहा.

फोन किती हवेत, असे पत्रातून विचारले जाते. गटामागे एक, तोही शिक्षकाचा किंवा पालकांचा. आधी कागदाचा नकाशा, होकायंत्र आणि पावलांनी मोजणे. फोन शेवटी, पडताळ्यासाठी. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट मिळाली तर ती जरूर वापरा, पण तिच्यावरची जागा आणि फोनची जागा थोडी सरकलेली दिसेल. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर आखलेले, जीपीएसने मानलेला आकार किंचित वेगळा. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ १८०२ मध्ये मद्रासला करणारा विल्यम लॅम्टन आपल्या हिंगणघाटला पुरलेला आहे. विदर्भातल्या शिक्षकांनी तिथून सुरुवात करावी.

वेळ कुठून आणायचा, ही तक्रार खरी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. कर्नाटकाचे धोरण वेगळ्या वाटेने चालले असले, तरी शनिवारचा अर्धा दिवस कोणत्याही शाळेला काढता येतो. एक दिवस मोजायला, एक लपवायला, एक शोधायला. चौथा वहीतल्या नोंदी वाचायला. तो मात्र गाळू नका.

पुन्हा त्या ७५ अंशांच्या रेषेकडे. येत्या शैक्षणिक वर्षात धारवाडच्या शाळांनी ती एकदा तरी शोधावी. फोनवर ७५.०००० येईपर्यंत चालायचे. तिथे परवानगीची, सुरक्षित जागा मिळाली तर मीटरभर काठी उभी करून सावली सर्वांत आखूड कधी होते ते टिपायचे. उत्तर साडेबाराच येईल असे नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर बारा चव्वेचाळीसच्या सुमारास, नोव्हेंबरच्या आरंभी बारा चौदाच्या सुमारास. असे का, हा वेगळ्या अंकाचा विषय. बरोबर साडेबारा येतात ते वर्षातून चारदाच: एप्रिलच्या मध्यावर, जूनच्या मध्यावर, १ सप्टेंबरच्या आणि २५ डिसेंबरच्या आसपास. त्यांतल्या जून आणि सप्टेंबरमध्ये आकाशात ढग असतात. सावली पुरती नाहीशी होते मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या १०-११ तारखेला. मेमध्ये शाळा बंद, ऑगस्टमध्ये सूर्य. भूगोलाच्या शिक्षकाचे नशीब.

नोंदवहीचा तक्ता आणि पालकांच्या संमतिपत्राचा नमुना याच अंकात शेवटी दिला आहे. वहीला दोऱ्याने शिसपेन्सिल बांधा. जूननंतर धारवाडच्या हवेत बॉलपेन चालत नाही.